एका कॅरेटचा फरक

नोव्हेंबरातल्या एका रात्री साडेदहाला शेठचा फोन आला. पंचवटीतल्या मार्केट यार्डात त्यांचा भाजीपाल्याच्या आडतीचा गाळा आहे आणि तिथल्या तीन कॉम्प्युटरांची देखभाल गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. एवढ्या रात्री फोन म्हणजे प्रिंटर अडला असणार नाहीतर यूपीएस बसला असणार, असं धरून मी गाडीची किल्ली शोधायला लागलो होतो. शेठ म्हणाले, "यायची गरज नाही हो. मशीन चालू आहे. माणूस बघा एखादा कॉम्प्युटरवरचा. दिवाणजींना आता झेपत नाही. वय झालं त्यांचं."

दिवाणजी त्रेसष्ट वर्षांचे आहेत. पण हे काही कॉम्प्युटरला घाबरणाऱ्यांपैकी नव्हेत. नव्वदच्या दशकात यार्डात काळ्या पडद्यावरचा फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम आला, तेव्हा बाकीचे आडते 'बघू पुढच्या हंगामाला' म्हणत होते आणि हे रात्री थांबून एंटर मारायला शिकत होते. उजव्या हाताची बोटं आकड्यांच्या कळांवर न बघता चालतात. त्यांना झेपत नाही म्हणजे नेमकं काय झेपत नाही, हे बघितल्याशिवाय मी माणूस शोधणार नव्हतो. मी शेठकडे तीन संध्याकाळी मागितल्या.

गाळ्यातलं काम

नाशिकचा भाजीपाला रात्रीतून मुंबईला जातो. म्हणून यार्डातली खरी घाई संध्याकाळची. लिलाव चालू असताना गाळ्यातला पोऱ्या वहीत ओळ टाकत जातो: शेतकरी, माल, नग, भाव, घेणारा. पान भरलं की फाडून दिवाणजींसमोर येतं. ते ओळी कॉम्प्युटरात चढवतात, हमाली-तोलाई आपोआप लागते, शेतकऱ्याची हिशोबपट्टी छापून निघते. शेतकरी रिकामी कॅरेट, म्हणजे माल आणायचे क्रेट, पिकअपमध्ये टाकून खिडकीशी उभा असतो. त्याला गिरणारे नाहीतर दिंडोरी गाठायची असते, आणि 'झाली का पट्टी' हे तो दर दोन मिनिटांनी विचारतो. लहान शेतकऱ्याची पट्टी तीन-चार ओळींत संपते. मोठा बागाईतदार असला की टोमॅटोच्या प्रती वेगळ्या, ढोबळी वेगळी, घेणारे वेगळे. बारा-पंधरा ओळी सहज होतात. सगळं उरकलं की वहीतली एकूण कॅरेट आणि कॉम्प्युटरातली एकूण कॅरेट यांचा मेळ घालायचा. जुळलं की शटर खाली.

फॉक्सप्रोनंतर आलेला विंडोजवरचा प्रोग्रॅम वीसेक वर्षं चालला. दिसायला कुरूप होता, हे मान्य करायला पाहिजे. राखाडी पार्श्वभूमी, वर मेनू, खाली एफ-दोन एफ-तीनच्या कळा ओळीनं लिहिलेल्या. मराठी अक्षरं त्याच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये होती, ती दुसरीकडे चिकटवली की नुसता गिचमिडकाला. यंदा दसऱ्याच्या सुमारास कंपनीनं नवी आवृत्ती दिली. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा बऱ्याच आहेत. नव्या आवृत्तीत युनिकोड मराठी होतं, पट्टी शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर जाणार होती, रात्रीचा बॅकअप आपोआप होणार होता. ती मीच बसवून दिली, आणि बसवताना मलाही ती आवडली होती. पांढरीशुभ्र, मोकळी, गोलसर कोपरे. धाकटे शेठ म्हणाले होते, "आता कुठे मॉडर्न वाटतंय."

पहिल्या आठवड्यात एंटरवरून बोंब झाली. जुन्यात एंटर मारला की पुढचा रकाना यायचा. नव्यात एंटर म्हणजे 'साठवा'. अर्धवट पट्ट्या साठवल्या गेल्या. सगळ्या यार्डानं फोन केले तेव्हा आठ दिवसांत कंपनीनं ते बदललं. सगळ्यांना वाटलं, झालं, संपलं.

फरकाची वही

दिवाणजींची एक लांबट वही आहे. मेळ जुळला नाही की त्या दिवशीचा फरक तीत लिहायचा आणि सापडल्यावर पुढे खूण करायची. जुन्या प्रोग्रॅमच्या काळात महिन्याला दोन-तीन नोंदी दिसतात. दसऱ्यानंतर जवळजवळ रोज एक. शेठचा निष्कर्ष इथूनच निघालेला होता, आणि वरवर पाहता त्यात चूक काय काढणार?

मी ती वही चहा पिता पिता चाळत होतो आणि एका गोष्टीवर अडलो. फरक लहान होते. एक कॅरेट कमी. एक जास्त. दोन कमी. एक कमी. मधूनच एखाद्या दिवशी १८ किंवा २५ चा मोठा फरक, पण बहुतेक वेळा एक नाहीतर दोन. शोधून काढलेल्या चुकाही पुढे लिहिलेल्या होत्या: वहीत २० आणि कॉम्प्युटरात १९, वहीत ३० आणि कॉम्प्युटरात २९.

आकडे चढवणारा माणूस कसा चुकतो हे ज्यानं पाहिलंय त्याला इथे खटकेल. घाईत १४ चे ४१ होतात. कळ दोनदा दाबली गेली तर १४४ होतात. डोळा घसरला तर अख्खी ओळ सुटते नाहीतर खालच्या ओळीचा नग वरच्याला लागतो. पण २० चे १९ व्हायला दोन्ही आकडे बदलावे लागतात. बोट घसरून दोन आकडे बदलत नाहीत, आणि बदलले तर बरोबर एकानं कमी होण्याइतके सभ्यपणे बदलत नाहीत. ही चूक माणसाच्या हातची वाटत नव्हती. कुणीतरी मोजून एक पायरी उतरत होतं.

तीन संध्याकाळी

पहिल्या दिवशी मी फक्त मागे स्टुलावर बसलो. मधे बोलायचं नाही असं ठरवून. गाळ्यात एकच ट्यूबलाइट, ती नेमकी स्क्रीनवर चमकते. बाहेर हमालांचा आरडाओरडा, कोथिंबिरीच्या जुड्यांचा ओला वास. दिवाणजींच्या डाव्या हाताचं बोट कागदावरच्या ओळीवर, उजवा हात आकड्यांवर. नजर कागदावरच. चार-पाच ओळी झाल्या की एकदा मान वर, स्क्रीनवर नजर, पुन्हा खाली.

मोहाडीच्या एका बागाईतदाराची तेरा ओळींची पट्टी आली. नऊ ओळी गेल्या. दहावी टाकली, अकरावी टाकली, मान वर केली. स्क्रीनवर नऊच ओळी. दिवाणजी पुटपुटले, "गेली नाही वाटतं," आणि दहावी, अकरावी पुन्हा टाकली. मी ओठ चावून गप्प बसलो.

त्या ओळी गेल्या होत्या. नवव्या ओळीच्या खाली दडल्या होत्या, इतकंच. उजवीकडे स्क्रोलबार नव्हता. म्हणजे होता, माउसचा बाण त्या कडेशी नेला की केसाएवढी करडी रेघ उमटायची आणि बाण हलला की विरून जायची. ज्याचे दोन्ही हात गुंतलेत आणि नजर कागदावर आहे, त्याला ती रेघ कधी दिसणार? आणखी एक दुर्दैव होतं. नववी ओळ बरोबर पूर्ण दिसत होती आणि तिच्याखाली लगेच बेरजेचा पट्टा. दहावी ओळ अर्धी कापलेली दिसली असती तरी पुरलं असतं. कापलेली ओळ बघून कुणालाही कळतं की खाली काहीतरी आहे. इथे सगळं इतकं नीटनेटकं बसलं होतं की खाली काही असेल अशी शंकाच येऊ नये.

मोठ्या फरकांचा उलगडा झाला. ते दोनदा पडलेल्या ओळींचे होते. खाली बेरीज दिसत होती, पण बेरीज वाढली हे कळायला आधीची बेरीज लक्षात ठेवावी लागते, आणि खिडकीशी माणूस उभा असताना ती कोण ठेवतो? 'ओळ नोंदवली' असा संदेशही येत होता. उजव्या कोपऱ्यात हिरवा पट्टा सरकत यायचा, तीनेक सेकंद थांबायचा, जायचा. जुन्या प्रोग्रॅममध्ये मधोमध चौकट येऊन 'ठीक आहे' दाबेपर्यंत हटायची नाही. त्या चौकटीला आम्ही सगळ्यांनी शिव्या घातल्या आहेत.

एका कॅरेटचं कोडं दुसऱ्या दिवशी सुटलं, आणि तेही मी मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ घेतला म्हणून. एव्हाना दिवाणजींना कळलं होतं की माउसचं चाक फिरवलं की कधी कधी खालच्या ओळी दिसतात. 'कधी कधी' हा त्यांचाच शब्द. व्हिडिओ हळू करून पाहिला. शेवटची नोंद करून कर्सर 'नग' या चौकटीत थांबलेला. माउसचा बाण योगायोगानं त्याच चौकटीवर. त्यांनी चाक एक टिचकी फिरवलं. यादी हलली नाही. चौकटीतले २० मात्र १९ झाले. त्यांना वाटलं चाक लागलं नाही. त्यांनी माउस जरा बाजूला नेऊन पुन्हा फिरवलं. या वेळी यादी सरकली, दडलेल्या ओळी दिसल्या, समाधान झालं. १९ तसेच राहिले.

नव्या प्रोग्रॅमला अंगावर कपडे डेस्कटॉपचे, पण आतून तो वेबपेज आहे. वेबपेजातल्या आकड्यांच्या चौकटीला ही खोड असते: ती निवडलेली असताना तिच्यावर चाक फिरलं की आकडा वर-खाली होतो. कीबोर्डवरचे वर-खालीचे बाणही तेच करतात. वय निवडायच्या एखाद्या फॉर्मात ते सोयीचं असेल. कॅरेटच्या हिशोबात ते म्हणजे तराजूच्या पारड्यावर कुणीतरी कोपर टेकवून उभं राहण्यासारखं.

दोन्ही दोष सुटे सुटे पाहिले तर किरकोळ आहेत. स्क्रोलबार लपवला, ठीक, चाक आहे. चाकानं आकडा बदलतो, ठीक, चाक फिरवू नका. पण पहिला दोष माणसाला चाकाकडे ढकलतो आणि दुसरा तिथे दबा धरून बसलेला असतो. हे दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या दिवशी, आपापल्या जागी शहाणपणानंच केलं असणार.

तिसऱ्या संध्याकाळी मी धाकट्या शेठना खुर्चीत बसवलं. वय चोवीस, इंजिनिअर, बोटं मोबाइलवर वाऱ्यासारखी. वहीची चार पानं दिली आणि खिडकीशी दोन शेतकरी उभे राहिलेच होते. चार पानांत दोन ठिकाणी एकाचा फरक आणि एक ओळ दोनदा. ते म्हणाले, "माउस खराब आहे." शेठ दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण त्या रात्रीनंतर 'वय झालं' हे वाक्य मी गाळ्यात ऐकलं नाही.

बावीसच्या नऊ

नऊच ओळी का, हे मी मोजलं. गाळ्यातली स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची, यार्डात सगळीकडे तीच. टास्कबार आणि शीर्षकाची पट्टी गेली की उंचीत सातशेच्या आत उरतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये ओळ २२ पिक्सेलची. बावीस ओळी दिसायच्या. नव्यात वर रुंद रंगीत पट्टा, खाली मोठाल्या बटणांचा पट्टा, मधे उरलेल्या साधारण ४३० पिक्सेलमध्ये ४८ पिक्सेलची एक अशा नऊ ओळी.

हा ४८ आकडा ओळखीचा आहे. बोटानं दाबायची वस्तू किमान केवढी असावी, याची गूगलनं अँड्रॉइडसाठी दिलेली शिफारस ४८ एककांची. ॲपलची आयफोनसाठी ४४. फोनवर ती रास्तच आहे, बोट जाड असतं. पण दिवाणजींच्या स्क्रीनला कुणी बोट लावत नाही. लावलं तर धुळीत ठसा उमटेल एवढंच होईल.

स्क्रोलबारही असाच बोटांमुळे गेला. फोनवर मजकूरच बोटानं ओढायचा असतो, म्हणून तिथे पकडायला पट्टी लागत नाही. ॲपलनं २०११ च्या जुलैत मॅकच्या लायन आवृत्तीत हीच पद्धत टेबलावरच्या कॉम्प्युटरात आणली आणि हळूहळू ती सगळीकडे पसरली. माउसचं चाक मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये घरोघरी पोचवलं तेव्हा ते स्क्रोलबारच्या मदतीला होतं. त्याचा नोकर म्हणा. आता मालक दिसेनासा झाला आणि नोकराच्या भरवशावर घर. स्क्रोलबार फक्त सरकवायला नसतोच मुळी. खाली अजून आहे, एवढं आहे, तुम्ही आत्ता इथे आहात, ही तीन उत्तरं तो न विचारता देत उभा असतो.

यात मला चीड येते ती एका जुन्या गोष्टीमुळे. विंडोज ९५ बाजारात आलं २४ ऑगस्ट १९९५ ला. त्याआधी मायक्रोसॉफ्टनं माणसांना समोर बसवून चाचण्यांच्या ६४ फेऱ्या केल्या, त्यात ५६० जण होते. मायक्रोसॉफ्टच्याच केंट सलिव्हन यांनी १९९६ साली त्याचा वृत्तान्त लिहिला आहे. नवख्या माणसांना प्रोग्रॅम सुरू कुठून करायचा ते सापडत नव्हतं, म्हणून 'स्टार्ट' असा शब्द लिहिलेलं बटण आलं. एक खिडकी दुसरीखाली झाकली गेली की त्यांना ती नाहीशीच झाली असं वाटायचं, म्हणून खाली टास्कबार आला. म्हणजे 'जे दिसत नाही ते नाही' हे दिवाणजींचं गणित तीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत मोजून झालेलं आहे. प्रोग्रॅम वापरायला सोपा कसा असावा याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी १९९४ साली मांडलेल्या दहा कसोट्यांत 'माणसाला आठवायला लावू नका, समोर बघून ओळखू द्या' ही एक आहे. माहीत नव्हतं असं कुणाला म्हणता येणार नाही.

मग कंपनीनं असं का केलं? त्यांच्या जागी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. यार्डातल्या व्यापाऱ्यांना मोबाइल ॲप हवं, वेबसाइट हवी, कॉम्प्युटरवरही हवं, आणि वर्षाचे पैसे द्यायचे म्हटलं की तेच व्यापारी तोंड फिरवतात. वेबपेजालाच डेस्कटॉपचा प्रोग्रॅम म्हणून गुंडाळून देणारी साधनं आहेत. त्यातलं सगळ्यात चालणारं इलेक्ट्रॉन, २०१३ मध्ये गिटहब या कंपनीच्या मंडळींनी काढलेलं. एकदा लिहा आणि तिन्हीकडे चालवा. चालतंही. फक्त तिन्ही ठिकाणचा माणूस एकच आहे असं त्यात गृहीत धरावं लागतं. शेतात उभं राहून अंगठ्यानं भाव बघणारा आणि संध्याकाळी चारशे ओळी चढवणारा, हे दोघे एक नाहीत.

मी कंपनीला व्हिडिओ पाठवला. फोनवरचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "सर, नवीन डिझाइन आहे, सवय व्हायला वेळ लागतो. ऑनलाइन ट्रेनिंग घेऊन टाका." जुनी आवृत्ती परत मिळणार नव्हती, कारण डेटा नव्या साच्यात गेला होता. सवयीचा मुद्दा मी ऐकून घेतला. सवय होते हे खरं. पण २०१२ च्या विंडोज ८ मधून काढलेलं स्टार्ट बटण मायक्रोसॉफ्टला वर्षभरात, २०१३ च्या ८.१ मध्ये, परत आणावं लागलं होतं. तिथे लोकांना सवय करून घ्यायची नव्हती. आमच्या दिवाणजींना तो पर्यायच नाही.

इलाज

आधी सोपे उपाय केले. विंडोजच्या सेटिंगमध्ये स्क्रोलबार कायम दाखवायची सोय आहे, ती चालू केली. विंडोजच्या स्वतःच्या खिडक्यांत पट्टी दिसायला लागली. या प्रोग्रॅममध्ये नाही, कारण तो आपली पट्टी आपणच रंगवतो. मग कंट्रोल दाबून वजाची कळ मारली, सगळं ऐंशी टक्क्यांवर आलं, दोन-चार ओळी वाढल्या. पण अक्षरं आधीच बारीक आणि फिकट करडी. ऋकार आणि उकार यांतला फरक चष्मा वर-खाली करून बघावा लागे. दिवाणजी दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, चूक दिसली नाही म्हणजे चूक झाली नाही असं होतं का?" पुन्हा शंभरवर आणलं.

चाकाचा बंदोबस्त सगळ्यात सोपा निघाला. माझ्या भंगाराच्या खोक्यात चाक नसलेला, खाली रबरी गोळीचा जुना माउस होता. तो पिनेच्या गोल जोडणीचा, आणि गाळ्यातल्या जुन्या मशीनला मागे ती जोडणी अजून आहे. गोळी काढून पुसली, आतल्या रुळांवरची मळाची कडी नखानं खरवडली, लावला. चाकच नाही म्हटल्यावर आकडा कसा बदलणार. बाणांच्या कळांवर दिवाणजींनी स्वतः सेलोटेप लावून टाकली.

पण आता खालच्या ओळी बघायच्या कशा? इथे मला सुचलं ते थोडं चिडूनच सुचलं. फोनसाठी बनवलंय ना, मग याला फोनच देऊ. मॉनिटर उभा केला. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'पोर्ट्रेट' निवडलं की चित्र फिरतं. पण त्या मॉनिटरचा स्टँड फिरणारा नाही, म्हणून मागच्या सुतारानं द्राक्षांच्या पेट्यांच्या फळ्यांतून एक चौकट ठोकून दिली. उंची ७६८ ची १३६६ झाली. रुंदी कमी झाल्यावर प्रोग्रॅमला वाटलं आपण मोबाइलवर आहोत. उजवीकडचा 'आजचा सारांश' नावाचा रंगीत गोल, ज्याकडे गाळ्यात एकदाही कुणी पाहिलं नव्हतं, तो आपणहून नाहीसा झाला. ओळी मोजल्या. एकवीस.

एक तोटा राहिला. स्वस्त पॅनेल उभा केला की एका बाजूनं रंग उडाल्यासारखे दिसतात. दिवाणजींनी खुर्ची वीतभर उजवीकडे घेतली आणि गल्ल्याची पेटी डावीकडे. आता खिडकीतल्या शेतकऱ्याला स्क्रीन आधीपेक्षा स्पष्ट दिसते आणि तो तिथूनच म्हणतो, "दिवाणजी, ढोबळीची ओळ राहिली ओ." हा फायदा मी धरला नव्हता.

नावाचा प्रश्न मात्र दिवाणजींनी माझ्याशिवाय सोडवला. नव्या प्रोग्रॅममध्ये नावाचा रकाना अरुंद. लांब नाव मधेच तुटतं आणि पुढे तीन टिंबं. आमच्याकडे एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन-तीन शेतकरी असतात. एक मोहाडीचा, एक जानोरीचा, एक मखमलाबादचा. गाव असतं नावाच्या शेवटी, म्हणजे नेमकं टिंबांत. एकदा जानोरीची पट्टी मखमलाबादच्या हातात गेली होती. त्यानं तिथल्या तिथे परत दिली म्हणून भागलं. स्क्रीन उभी केल्यावर रकाना आणखी अरुंद झाला. मी कंपनीला पुन्हा लिहायच्या तयारीत होतो. दोन दिवसांनी गेलो तर दिवाणजींनी दुपारच्या रिकाम्या वेळात सगळी खाती उघडून गाव पुढे आणलं होतं: आधी मोहाडी, मग नाव. शोधतानाही आता ते गावाची दोन अक्षरं टाकतात आणि यादी तीन नावांवर येते. सहाशेच्या वर खाती होती. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, राहू द्या, फार काम आहे.

फरकाच्या वहीत पुढच्या तीन आठवड्यांत दोन नोंदी झाल्या. एक वहीतलाच आकडा पोऱ्यानं चुकीचा लिहिल्याची. दुसरी सापडली नाही. एकाचा फरक पुन्हा आला नाही.

परवा मी प्रिंटरची रिबन बदलायला गेलो होतो. स्क्रीनवर मधोमध खिडकी उघडली होती: नवी आवृत्ती आली आहे, 'अधिक सुटसुटीत, अधिक आकर्षक'. खाली निळंशार रुंद बटण, 'आत्ता अपडेट करा'. त्याच्या शेजारी, चौकट नाही, रंग नाही, फिकट करड्या अक्षरांत 'नंतर'. दिवाणजींनी गोळीचा माउस सावकाश सरकवत बाण त्या करड्या अक्षरांवर नेला.

"हे रोज सात वाजता विचारतं," ते म्हणाले. "ऐन गर्दीत. एक दिवस बोट चुकणार बघा."